नाटकाची फाईल आमच्या फोनवर चालेल अशी द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे 'डिजिटल जतन' या विषयावर लेख आला होता. लेख चांगला होता. तीन कॅमेरे, फोर-के चित्रीकरण, वेगळा ध्वनी, सगळे वाचून बरे वाटले. पण जतन केलेले ते नाटक गावातला माणूस कशावर पाहणार, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

मी देसाईगंज तालुक्यात, म्हणजे आमच्या बोलण्यात वडशाकडे, लग्नाचे आणि नाटकाचे शूटिंग करतो. व्हीएचएसची कॅसेट होती, कॅमेऱ्याची बॅटरी पट्ट्याने खांद्याला लटकवून मांडवात फिरावे लागायचे, तेव्हापासून करतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत माझी झोप दिवसा होते. पत्र लांबले आहे. कापायचे असेल तर ही ओळख कापा, पुढचे आकडे कापू नका. लोकांना तेच लागतील.

झाले असे की गेल्या हंगामात शेजारच्या गावी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री नाटक होते. २०२३ साली आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून बाहेरून येणारे कॅमेरे जरा वाढले आहेत. त्या रात्रीही एक संस्था आली होती. फुकट शूटिंग करू, गावाला प्रत देऊ, असे त्यांनी मंडळाला सांगितले. शब्द पाळला. अडीच महिन्यांनी हार, नारळ, फोटो असे सगळे होऊन मंडळाच्या हाती पेन ड्राइव्ह आला. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीला तो लावला. पन्नास माणसे बसली होती. टीव्हीने सांगितले, फाईल चालत नाही. मग पोरांनी वायर लावून फोनवर प्रयत्न केले. एकाच्या फोनवर नुसता आवाज, पडदा काळा. दुसऱ्याच्या फोनवर चित्र दोन सेकंद चाले, अटके, पुन्हा चाले. आवाज तोवर पुढे निघून गेलेला. खलनायक बोलून मोकळा व्हायचा आणि त्याचे तोंड मागून हलायचे. लोक पोट धरून हसले, पण नाटक रडके होते.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे दोघे पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. "भाऊ, हे खराब निघालं का?"

खराब काही नव्हते. सव्वापाच तासांची एकच फाईल, ५९ जीबीची. चित्र ३८४० × २१६० चे, एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत, तेही १० बिटचे, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांचे, सेकंदाला २५ मेगाबिट. चांगल्या कॉम्प्युटरवर पाहिले तर पडद्यावर रंगवलेल्या झाडाची पाने मोजता येतील इतके स्वच्छ. ज्याने हे तयार केले त्याला काम येते, हे मी मान्य करतो. मी त्या संस्थेला फोन लावला आणि लहान प्रत मिळेल का विचारले. उत्तर आले, "क्वालिटी कमी केली तर जतनाला अर्थ काय?" आणि वर, "आता सगळ्यांकडे चांगले फोन असतात."

आम्ही धानाच्या मुलखातले लोक आहोत. बियाण्याचे पोते वेगळे ठेवतो, त्याला हात लावत नाही, आणि जेवायला भात शिजवतो. ५९ जीबीची फाईल हे बियाणे आहे. ती कोरड्या जागी दोन ठिकाणी ठेवा, माझी ना नाही. पण पंगतीला बसलेल्या माणसाच्या पानात बियाणे वाढून वर "उत्तम प्रतीचे आहे" असे सांगू नका.

आता सगळ्यांकडचे चांगले फोन कसे असतात तेही सांगतो. घरात एक बरा अँड्रॉइड असतो, तो पोराच्या हाती. पोराचा जुना फोन बापाकडे, काच तडकलेली, ३२ जीबीतले ३१ भरलेले. आईकडे किंवा आजीकडे बटणवाला. २०१७ मध्ये जिओफोन आला, त्याचा पडदा २.४ इंचाचा, २४० × ३२० पिक्सेलचा. तो आमच्याकडे अजून खिशाखिशात आहे. धान निघाले की आमच्याकडची कित्येक घरे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथे शेतातच झोपडी, रेंज आली तर आली, आणि एका बोर्डाला दहा फोन चार्जिंगला. जायच्या आधी लोक माझ्याकडे येऊन चिप भरून नेतात. चिप म्हणजे मेमरी कार्ड. दोन महिने करमणूक तीच. अशा माणसाला यूट्यूबची लिंक देऊन काय उपयोग?

फोन अटकतो त्याचे कारण लोकांना वाटते तसे 'फोन हलका आहे' एवढेच नसते. फोनच्या आतल्या चिपमध्ये (ही चिप म्हणजे कार्ड नव्हे) व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो. त्याला जो प्रकार येतो तो व्हिडिओ तो सहज, थोड्या बॅटरीत चालवतो. जो प्रकार येत नाही तो मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडतो. मग फोन तापतो, चार्जिंग भराभर उतरते, चित्र मागे राहते, किंवा फोन सरळ चित्र सोडून नुसता आवाज देतो. एच.२६४ हे मानक २००३ सालचे. आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक फोनला ते येते. एच.२६५ हे २०१३ चे. तेवढ्याच दर्जाला ते कमी जागा घेते हे खरे, पण जुन्या स्वस्त फोनांना ते येत नाही, आणि ज्यांना येते त्यांनाही फोर-के आणि १० बिट झेपेलच असे नाही. २०१८ चे एव्ही१ तर आणखी काटकसरी, पण ते नव्या फोनांपुरते. लोकांना वाटायच्या प्रतीसाठी मी आजही डोळे मिटून एच.२६४, ८ बिट, एमपी४ घेतो. जागा वाचवायला गेलो आणि दहातल्या तीन फोनांवर चित्रच आले नाही, तर ती काटकसर कोणाची?

लहान फाईल म्हणजे वाईट चित्र, हा समज जुन्या काळाचा आहे, आणि तो पसरवण्यात माझाही हात आहे. व्हीसीडीच्या दिवसांत आम्ही ३५२ × २८८ चे चित्र द्यायचो, सेकंदाला ११५० किलोबिट खाऊन. एका सीडीत ७४ मिनिटे. एका नाटकाला पाच सीड्या, आणि तिसरी नेमकी ओरखडलेली. आज एच.२६४ मध्ये त्याच्या निम्म्या बिटरेटला, म्हणजे सेकंदाला निम्मे बिट खाऊन, मी त्याच्या चौपट पिक्सेलचे चित्र देतो आणि ते जास्त स्वच्छ दिसते. त्यानंतर आली जुन्या फोनांची थ्रीजीपी फाईल. १७६ × १४४, काडेपेटीएवढे चित्र. लोक दहा रुपयांत गाणे भरून न्यायचे आणि खूश असायचे. तिथे मी एक घोडचूक केली ती सांगतो. फाईल लहान व्हावी म्हणून एका अख्ख्या नाटकाचा आवाज एएमआरमध्ये घातला. एएमआर हे फोनवर बोलण्यासाठी केलेले आहे. सेकंदाला आठ हजार नमुने, जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. माणसाचे बोलणे कळते, पण ऑर्गन पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा येतो आणि तबल्याचा नुसता पत्रा वाजतो. त्या नाटक कंपनीचे ऑर्गनवाले वडशाच्या बसस्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "मले मारून टाकलंस ना गा तू." चित्राबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून आवाजावर आधी लिहितो. झाडीपट्टीचे नाटक लोक पाहतात त्यापेक्षा जास्त ऐकतात. मागे बसलेल्या माणसाला नटाचा चेहरा दिसतच नाही, तरी तो पहाटेपर्यंत उठत नाही. त्यामुळे चित्रातून जितके काढायचे तितके काढा, आवाजाला हात लावताना दहा वेळा विचार करा. मी एएसी, मोनो, ९६ किलोबिट ठेवतो. फोनला एकच लहान स्पीकर असतो, स्टीरिओसाठी दुप्पट जागा द्यायची गरज नाही. मात्र आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून घेऊ नका, तिथे जनरेटर आणि शेंगा फोडणारे लोक येतात. मिक्सरवरून वायर घ्या. आणि कुजबुजीचे संवाद वर उचला, ओरडणे खाली दाबा. नाहीतर ऐकणारा रात्रभर फोनचे बटण वरखाली करत बसतो. एवढे करून सव्वापाच तासांत आवाजाचा खर्च सगळा मिळून सव्वादोनशे एमबी. तो होऊ द्या.

आता चित्र. ८५४ × ४८०, सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे फ्रेम. हा आकडा मी हवेत काढलेला नाही. एच.२६४ चित्राचे १६ × १६ पिक्सेलचे चौकोन करते. ८५४ मध्ये ते आडवे ५४ बसतात, ४८० मध्ये उभे ३०. झाले १६२०. मानकात 'लेव्हल ३' म्हणून जी पायरी आहे, तिची मर्यादा एका चौकटीला बरोबर १६२० चौकोन आणि सेकंदाला ४०,५००. १६२० गुणिले २५ करून पाहा. अगदी काठोकाठ. तीच फाईल ३० चौकटींवर केली की लेव्हल ओलांडली, आणि जुना फोन अडखळायची भीती. कॅमेरा ५० वर असेल तर एकाआड एक चौकट सोडून २५ करा, हालचालीत फरक पडतो पण नाटकाला तो कळत नाही. मोबाईलवर काढलेले तुकडे मध्ये जोडत असाल तर चौकटींचा वेग 'कॉन्स्टंट' ठेवा. मोबाईल आपल्या मर्जीने कमीजास्त वेगाने चौकटी काढतो आणि मग तासाभराने ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

बिटरेट किती, हे लोक मला सर्वात आधी विचारतात, आणि मी त्यांना आधी सांगतो की आकडा ठरवू नका, दर्जा ठरवा. हँडब्रेक नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दर्जाची एक सरकपट्टी आहे. आकडा जितका कमी तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी. सहाने वाढवला की फाईल ढोबळमानाने निम्मी होते. मी २३ वर ठेवतो. याचा फायदा असा की जिथे लागतील तिथेच बिट खर्च होतात. नाटकात कॅमेरा स्टँडवर, मागचा पडदा जागचा हलत नाही, बोलणारी दोन माणसे. सॉफ्टवेअर मागच्या चौकटीतलाच पडदा पुन्हा वापरते, खर्च जवळपास शून्य. मध्येच लावणी लागते, लाल-हिरव्या दिव्यांची लुकलुक सुरू होते. दर चौकटीला अख्ख्या स्टेजचा रंग बदलतो, खर्च एकदम चौपट-पाचपट. शंकरपट त्याहून वाईट. धूळ, बैल, पळणारी गर्दी, सगळेच हलते. त्याच आकड्याला पटाची दहा मिनिटे नाटकाच्या अर्ध्या तासाएवढी जागा खातात. एकच बिटरेट सगळ्याला लावला तर नाटकात वाया जातो आणि पटात पुरत नाही, बैलांच्या जागी चौकोन पळताना दिसतात. फक्त वरची मर्यादा बांधून ठेवा, मी १२०० किलोबिटची ठेवतो. नाहीतर नेमक्या लावणीत जुना फोन दम टाकतो.

आमचे नाटक या हिशेबाने सरासरी ६०० किलोबिटला बसले. आवाजाचे ९६ धरून ६९६. सेकंदांनी गुणा, आठाने भागा, किलोबाइट येतात. सव्वापाच तासांचे १८,९०० सेकंद. उत्तर १.६५ जीबीच्या आत. मूळ फाईलचा छत्तिसावा हिस्सा.

अंधार हा मात्र खरा वैरी आहे. रात्रीच्या शूटिंगमध्ये कॅमेरा उजेड वाढवायला जातो आणि चित्रात दाणे येतात, वाळू उडाल्यासारखे. आपल्याला ते दिसतही नाहीत, पण सॉफ्टवेअरला प्रत्येक दाणा हलणारी वस्तू वाटते. काळ्या पडद्यावर बिट उधळले जातात आणि नटाच्या चेहऱ्याला उरत नाहीत. दाणे काढायचा फिल्टर हँडब्रेकमध्येच आहे, तो सर्वात हलक्या पायरीवर लावा. माझ्या एका प्रवेशाची फाईल एवढ्यानेच दोन-तृतीयांश झाली. पायरी वाढवायचा मोह होतो. मी केली वाढवून. राजा, प्रधान, हवालदार सगळे गणपतीच्या मूर्तीसारखे गुळगुळीत दिसायला लागले.

जुन्या टेपा ज्यांच्याकडे असतील त्यांच्यासाठी दोन ओळी. मिनीडीव्हीचे चित्र ७२० × ५७६ चे, एक चौकट दोन अर्ध्यांत विणलेली. ती विण सोडवली नाही तर नाचणाऱ्या हाताला कंगव्याचे दात येतात. 'डीइंटरलेस' करा आणि ६४० × ४८० वर आणा, नाहीतर माणसे चपटी किंवा लांबट दिसतात. त्या टेपा आता बुरशीने चालल्या आहेत. ज्यांना जतनच करायचे आहे त्यांनी खरे म्हणजे आधी यांच्याकडे वळावे.

दोन सेटिंगांकडे कोणी पाहत नाही, पण फोनवर त्यांच्यामुळेच जीव जातो. पहिले, पूर्ण चौकट, म्हणजे मागच्या चौकटीचा आधार न घेता अख्खी लिहिलेली, किती वेळाने यावी. सॉफ्टवेअर आपल्या मनाने २५० चौकटींपर्यंत जाऊ देते, म्हणजे दहा सेकंद. लोक नाटक सलग पाहत नाहीत. आवडते गाणे शोधायला बोटाने पुढे सरकवतात, आणि फोन पूर्ण चौकट सापडेल तिथेच जाऊन पडतो, गाण्याच्या आधी नाहीतर नंतर. मी ५० करतो, दोन सेकंद. फाईल किंचित वाढते. दुसरे, फाईलची अनुक्रमणिका. एमपी४ मध्ये ती शेवटी लिहिली जाते. फाईल नेटवरून येत असेल तर सगळी उतरेपर्यंत चित्र सुरू होत नाही. 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर खूण केली की ती सुरुवातीला येते. एक खूण. सव्वापाच तासांचे नाटक उतरवत बसलेल्या पोराचा नेट पॅक त्या एका खुणेवर अवलंबून असतो.

आणि एकच अजस्र फाईल नको. अंकाअंकाने तोडा, गाणी वेगळी द्या. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीच्या पुढची फाईल बसतच नाही. हे ज्याने ५९ जीबीची फाईल केली त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने पेन ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला. तो एक्सफॅटही ग्रामपंचायतीच्या टीव्हीला वाचता येतो की नाही, हे त्याने पाहिले नव्हते. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवले की ते स्वतःच पुन्हा दाबते, आणि चार गटांतून फिरून आलेल्या लावणीत बाई कोणती आणि पडदा कोणता ते कळत नाही.

माझा कॉम्प्युटर जुना आहे. ती ५९ जीबीची फाईल उलगडून लहान करायला दोन रात्री आणि एक दिवस लागला. पहिल्या रात्री लाइन गेली आणि इन्व्हर्टरने साडेतीन वाजता मान टाकली, म्हणून दुसऱ्यांदा अंक तोडून केले. हेच काम त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या मशीनवर, जेवणाच्या सुट्टीत झाले असते.

फाईल तयार झाल्यावर मी घरी एक प्रयोग केला. एकाच प्रवेशाच्या दोन प्रती केल्या, एक ४८०, एक १०८०. मुलाचे आणि माझे, एकाच जातीचे दोन फोन. बायकोसमोर ठेवले आणि विचारले, चांगला कोणता? तिने दोन्ही हातांत धरून, लांब धरून, जवळ धरून पाहिले. म्हणाली, "याचा आवाज मोठा आहे." तो ४८० चा होता, आणि आवाज मीच वाढवलेला होता. नाकाला लावून पाहिले तर फरक कळतो, हे मीही सांगतो. पण एका फोनभोवती चार जण बसून नाटक पाहतात, तेव्हा नाक लावायला जागा कुठे असते?

बटणवाल्या फोनची गोष्ट राहिली. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा त्या नाटकात हवालदार होता. काम चार मिनिटांचे. मुलगा मिरचीला गेला, मावशींकडे बटणाचा फोन. त्यांच्यासाठी मी ३२० × १८० ची प्रत केली. एच.२६४ चे 'बेसलाइन' घेतले, ते सर्वात साधे, म्हणून साध्या फोनला सोपे. चित्राला २००, आवाजाला ६४ किलोबिट. चार मिनिटांचे आठ एमबी. पण लावून पाहिले तर अख्खे स्टेज त्या अडीच इंचात, आणि हवालदार म्हणजे खाकी रंगाचा एक ठिपका. तेव्हा मला त्या फोर-के फाईलची किंमत कळली. मूळ चित्र एवढे मोठे होते की मधला १२८० × ७२० चा तुकडा कापून घेतला तरी तो लहान प्रतीपेक्षा चौपट रुंद. स्टेज सोडून दिले, हवालदार तेवढा धरला, मग लहान केले. मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "मिशी निघून राहिली ना गा त्याची." मी परत येऊन कॉम्प्युटरवर पाहिले. खरेच, डावीकडून मिशी सुटली होती. दोन रात्री तेच नाटक समोर चालू असताना मला ते दिसले नव्हते.

तर माझे म्हणणे एवढेच. जे कोणी आमच्या गावांत येऊन शूटिंग करतात, नाटकाचे असो, शेतीच्या माहितीचे असो, शाळेच्या धड्यांचे असो, त्यांनी मोठी प्रत ठेवावी आणि तिच्यासोबत दोन लहान प्रती द्याव्यात. एक ४८० ची, एक बटणाच्या फोनची. आणि गाव सोडण्याआधी नाही जमले, तर पेन ड्राइव्ह देण्याआधी तरी, ती गावातल्या सर्वात जुन्या फोनवर स्वतः चालवून पाहावी. पहिली दोन मिनिटे नव्हे. लावणी लागेपर्यंत.

माझे नाव छापू नये ही विनंती. त्या संस्थेची मंडळी मनाने चांगली आहेत आणि पुढच्या हंगामात त्यांच्याशी एकाच मांडवात उभे राहायचे आहे.

आपला,
एक शूटिंगवाला
ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

ता. क. त्या गावच्या लोकांनी आपल्या नाटकाची प्रत बाजाराच्या दिवशी माझ्याकडून घेऊन जावी. पैसे नाहीत. कार्ड मात्र रिकामे करून आणावे, मागच्या वेळी एकाच्या कार्डातले लग्नाचे फोटो कुठे हलवायचे यातच दुपार गेली.